मुलांचे न्यायालय

वॉर्सातील क्रोख्माल्ना रस्त्यावर १९१२ मध्ये ज्यू मुलांसाठी एक अनाथालय उभे राहिले. त्याचे संचालक यानुश कोर्चाक हे बालरोगतज्ज्ञ आणि लेखक; मूळ नाव हेन्रिक गोल्डश्मित. मारामारी, चोरी, चिडवणे यांचा निवाडा त्यांनी पुढे मुलांवरच सोपवला. न्यायाधीश चिठ्ठ्या टाकून निवडले जात. त्या आठवड्यात ज्याच्यावर फिर्याद नसेल, त्यालाच तो मान. संहितेतील पहिली ९९ कलमे दोषमुक्ततेची वा क्षमेची होती. दोष ठरे तो शंभराव्या कलमापासून. हजारावे, अखेरचे कलम संस्थेतून काढून टाकण्याचे. मोठ्यांविरुद्धही फिर्याद करता येई. खुद्द कोर्चाक यांच्यावरही खटले चालले, आणि त्याचा त्यांना कमीपणा वाटला नाही. असा शिक्षक आजही विरळाच.

१९४० मध्ये नाझींनी अनाथालयाला घेट्टोत हलवले. उपासमारीच्या त्या दिवसांत, जुलै १९४२ मध्ये, मुलांनी रवींद्रनाथ ठाकुरांचे ‘डाकघर’ सादर केले. खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहणाऱ्या आजारी मुलाचे ते नाटक. ऑगस्टमध्ये सुमारे २०० मुलांना त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेण्यात आले. निसटण्याच्या संधी नाकारून कोर्चाक आणि त्यांच्या सहकारी स्तेफानिया विल्चिन्स्का मुलांसोबत निघाले. त्यांतील कोणीही परतले नाही.