श्रीदासबोधाचे लेखनस्थान : शिवथरघळ

॥ श्रीराम समर्थ ॥

रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यात, वरंध घाटाच्या परिसरात, सह्याद्रीच्या कुशीत शिवथरघळ हे पवित्र स्थान आहे. श्रीसमर्थ रामदासस्वामींनी श्रीदासबोध ग्रंथाची रचना याच घळीत केली, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे.

श्रीसमर्थांचा जन्म शके १५३०, म्हणजे इ.स. १६०८ मध्ये, रामनवमीच्या दिवशी मराठवाड्यातील जांब या गावी झाला. मूळ नाव नारायण, पित्याचे नाव सूर्याजीपंत, मातेचे राणूबाई. बालवयात विवाहमंडपातून निघून ते नाशिकजवळील टाकळी येथे आले. तेथे त्यांनी बारा वर्षे तपाचरण केले. सकाळी नदीच्या पात्रात उभे राहून जप, माध्यान्ही माधुकरी आणि त्यानंतर ग्रंथांचे अध्ययन व लेखन, असा त्यांचा नित्यक्रम सांगितला जातो. या काळात त्यांनी स्वहस्ते उतरून काढलेले वाल्मीकिरामायण धुळे येथील श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात जतन केलेले आहे. नेमाने लिहिण्याची सवय त्यांच्या अंगी बाणली ती येथे.

पुढे बारा वर्षे तीर्थाटन करून श्रीसमर्थ कृष्णाकाठी आले. इ.स. १६४८ मध्ये चाफळ येथे श्रीराममंदिराची स्थापना झाली. अकरा मारुतींची स्थापनाही याच सुमाराची. ठिकठिकाणी मठ, उत्सव, शिष्यपरिवार आणि दर्शनार्थींचा ओघ असा मोठा व्याप मागे लागला. लोकांना सोडावे तर कार्य थांबते. लोकांतच राहावे तर ग्रंथाला लागणारी चित्ताची स्थिरता लाभत नाही. या पेचातून श्रीसमर्थांनी एकांताचा मार्ग काढला. व्याप न टाकता, लेखनासाठी त्यांनी ही घळ निवडली.

घळ म्हणजे कड्याखालील नैसर्गिक गुहा. वर कातळाचे छत, भोवती दाट अरण्य, समोर कोसळणारा धबधबा. पावसाळ्यात त्याचा घोष इतका वाढतो, की बाहेरचा दुसरा कोणताही आवाज आत पोहोचत नाही. येथे श्रीसमर्थ सांगत आणि शिष्य कल्याणस्वामी लिहून घेत. त्याच प्रसंगाच्या मूर्ती आज घळीत आहेत. ग्रंथाच्या सहाव्या दशकात कलियुगाच्या गतवर्षांचा जो आकडा आला आहे, त्यावरून तो भाग इ.स. १६५९ च्या सुमारास रचला गेला असे अभ्यासक मानतात. वीस दशक, दोनशे समास आणि साडेसात हजारांहून अधिक ओव्या असा हा ग्रंथ एका बैठकीत झालेला नाही. तो अनेक वर्षांच्या अखंड परिश्रमाने पूर्ण झाला.

लेखनाची बाह्य सिद्धताही श्रीसमर्थांनी गौण मानली नाही. एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्या समासात त्यांनी लेखनक्रियाच सांगितली आहे. अक्षर वाटोळे, सरळ व मोकळे असावे. तरुणपणी इतके बारीक लिहू नये की म्हातारपणी वाचता येणार नाही. कागदाच्या कडा झिजल्या तरी अक्षर झडू नये म्हणून भोवती जागा सोडावी. बोरू, सुरी, कातरी आदी साहित्य सिद्ध ठेवावे. आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एकच वळण राहावे, असा त्याचा आशय आहे. कल्याणस्वामींच्या हातची म्हणून मानली जाणारी दासबोधाची प्रत त्यांच्या डोमगाव येथील मठात जपली गेली.

शके १६०३ च्या माघ वद्य नवमीस, म्हणजे इ.स. १६८२ मध्ये, श्रीसमर्थांनी सज्जनगडावर देह ठेवला. पुढे ही घळ लोकांच्या विस्मरणात गेली. धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी इ.स. १९३० मध्ये शोध घेऊन ती पुन्हा प्रकाशात आणली.

व्याप कितीही असला, तरी दिवसातील काही काळ आणि घरातील एखादा कोपरा चिंतन-लेखनासाठी राखता येतो, हेच या चरित्रातून शिकावे. भाविकांनी घळीत प्रवेश केल्यावर मौन पाळावे, शक्य झाल्यास दासबोधाचा एक समास शांतपणे वाचावा आणि हा नेम घरीही चालू ठेवावा. ज्या एकांतातून हा ग्रंथ निर्माण झाला, तो एकांत राखणे हीच येथील खरी सेवा होय.

॥ जय जय रघुवीर समर्थ ॥