मेजर टॉमस कँडी : शब्दांची संगत ओळखणारा कोशकार

परक्या भाषेतील शब्द पाठ करणे फारसे अवघड नसते. पण त्या शब्दांची एकमेकांशी असलेली सोयरीक ओळखणे मात्र अत्यंत कठीण असते. इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला याचा अनुभव येतो. 'लुक' म्हणजे पाहणे, हे त्याला आरंभीच कळते. पुढे 'लुक फॉर' म्हणजे शोधणे, 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे आणि 'लुक डाउन ऑन' म्हणजे तुच्छ लेखणे, असे अर्थ समोर आले की तो बुचकळ्यात पडतो. प्रत्येक शब्द ओळखीचा, पण त्यांचा मेळ अनोळखी! या अनोळखी मेळांना मराठीत घर मिळवून देण्याचे काम ज्यांनी आयुष्यभर केले, त्या मेजर टॉमस कँडी यांचे चरित्र म्हणूनच आपल्या दृष्टीने मननीय आहे.

कँडी यांचा जन्म 1804 साली इंग्लंडमध्ये झाला. ऑक्सफर्ड येथे शिक्षण घेऊन 1822 साली, म्हणजे ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर, ते लष्करी नोकरीसाठी हिंदुस्थानात आले. पेशवाईचा अस्त होऊन तेव्हा अवघी चार वर्षे लोटली होती. कंपनी सरकारला नव्या मुलखाचा कारभार चालवावयाचा होता, आणि त्यासाठी लोकांची भाषा जाणणारे अधिकारी हवे होते. जेम्स मोल्सवर्थ या अधिकाऱ्याने पंडितांच्या साह्याने मराठी-इंग्रजी कोशाचे काम हाती घेतले होते. त्या कामात टॉमस कँडी आणि त्यांचे बंधू जॉर्ज हे दोघेही सामील झाले. हा कोश 1831 साली प्रसिद्ध झाला.

या कामाने कँडी यांना भाषेचे मर्म शिकविले असले पाहिजे. आपल्याला सहज वाटणारे 'लागणे' हे एकच क्रियापद घ्या. भूक लागते, वेळ लागतो, आग लागते, ठेच लागते. मूल बोलू लागते, आणि कोणी आपला नात्याने मामाही लागतो! किंवा 'मारणे' घ्या. आपण हाक मारतो, उडी मारतो, गप्पा मारतो. यात कोणालाही इजा होत नाही. आपल्याला 'लुक' आणि 'पुट' जसे चकवितात, तसेच ही क्रियापदे परक्या माणसाला चकवितात. कोशकाराला मात्र चकून भागत नाही. कोणत्या शब्दाच्या संगतीत कोणता अर्थ उमटतो, हे त्याला पंडितांना पुन:पुन्हा विचारून निश्चित करावे लागते.

यानंतर उलट दिशेचे, म्हणजे इंग्रजी-मराठी कोशाचे काम सुरू झाले. प्रकृतीच्या कारणाने मोल्सवर्थ स्वदेशी परतले आणि अपुरे राहिलेले काम कँडी यांच्या शिरावर आले. ते त्यांनी चिकाटीने पुरे केले व 1847 साली कोश छापून निघाला. असा कोश रचणाऱ्यापुढे सर्वांत मोठी अडचण लांबलचक विद्वज्जड शब्दांची नसते; ती असते 'गेट', 'पुट', 'टेक' अशा चिमुकल्या क्रियापदांची. सुप्रसिद्ध इंग्रज कोशकार सॅम्युएल जॉन्सन यानेही आपल्या 1755 सालच्या कोशाच्या प्रस्तावनेत हेच नमूद करून ठेवले आहे. क्रियापदाला एखादे लहानसे अव्यय जोडून अर्थ पालटण्याची इंग्रजीची रीत परकीयांना अतिशय जड जाते, असा त्याचा अभिप्राय होता.

ही रीत थोडी समजून घेऊ. मराठीत 'तो वर गेला' या वाक्यात 'वर' हे क्रियाविशेषण आहे, तर 'तो माडीवर गेला' यात तेच शब्दयोगी अव्यय होते. इंग्रजीतील 'अप', 'डाउन', 'ऑफ', 'ऑन' हे शब्दही अशीच दुहेरी कामगिरी करतात. ती ओळखण्याची एक खूण आहे. 'पुट ऑफ' म्हणजे लांबणीवर टाकणे. येथे 'ऑफ' क्रियाविशेषण असल्याने सर्वनाम मध्ये शिरते : 'पुट इट ऑफ'. 'लुक आफ्टर' यात मात्र 'आफ्टर' हे शब्दयोगी आहे. म्हणून सर्वनाम शेवटी येते : 'लुक आफ्टर हिम'. कधी दोन्ही एकत्र नांदतात. 'पुट अप विथ' म्हणजे निमूटपणे सोसणे. येथे 'अप' क्रियाविशेषण व 'विथ' शब्दयोगी आहे. अशा ठिकाणी मराठीत शब्दाला शब्द ठेवून काही साधत नाही. 'ईट अप' याचे भाषांतर 'वर खा' नव्हे, तर 'खाऊन टाक' असेच होईल. इंग्रजी जे काम अव्ययाकडून करून घेते, ते मराठी दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेते.

कोशांखेरीज कँडी यांनी पुण्याच्या पाठशाळेची व्यवस्था पाहिली, सरकारी भाषांतरकाराचे काम केले आणि शालेय पुस्तकांवर देखरेख ठेवली. मराठी गद्यात विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते. मोल्सवर्थ यांच्या कोशाची वाढविलेली दुसरी आवृत्ती 1857 साली निघाली, तिलाही त्यांचा हातभार होता.

त्यांच्या कार्याला दुसरी बाजूही होती. सरकारी पुस्तकांच्या मराठीवर इंग्रजी वळणाची छाप पडली. वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष, पण कानाला परकी वाटू लागली. 1874 साली निबंधमाला सुरू करणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी या साहेबी मराठीवर कडक टीका केली. ज्याने दोन भाषांतील भेद इतक्या बारकाईने नोंदविले, त्याच्या देखरेखीखालील गद्यातही परके वळण डोकावावे, यावरून हे काम किती दुर्घट आहे ते दिसते. तथापि या उणिवेमुळे त्यांच्या परिश्रमांचे मोल कमी होत नाही. 1877 साली महाबळेश्वर येथे त्यांचे देहावसान झाले. अठराव्या वर्षी जी भाषा त्यांना सर्वस्वी परकी होती, तिच्याच सेवेत त्यांचे आयुष्य वेचले गेले.

आपण हैदराबादचे विद्यार्थी या बाबतीत भाग्यवान आहोत. घरी मराठी, बाजारात उर्दू, शेजारी तेलुगू आणि वर्गात इंग्रजी, अशा चार भाषा आपल्या कानांवर पडतात. मराठीतील 'मेजावर', उर्दूतील 'मेज पर' आणि तेलुगूतील 'बल्ल मीद' या तिन्हींत संबंध दाखविणारा शब्द नामाच्या मागून येतो. एकटी इंग्रजी तो नामाच्या पुढे मांडते. याच नगरीत 1958 साली इंग्रजीच्या अध्यापनासाठी केंद्रीय संस्था स्थापन झाली, आणि 2007 साली तिला केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला. परंतु संस्था कितीही थोर असली, तरी कान आणि डोळे आपले आपणच उघडे ठेवावे लागतात. नवा इंग्रजी शब्द भेटला की तो एकटा टिपून ठेवू नये; त्याच्या मागेपुढे कोण आहे, तेही लिहून ठेवावे. आणि मराठीत लिहिताना ती इंग्रजी सोयरीक जशीच्या तशी न आणता, आपल्या भाषेतील सोयरीक शोधावी. कँडीसाहेबांचे यश आणि त्यांची उणीव, दोन्ही आपल्याला हाच एक धडा देतात.