गिरणी कामगारांचे कैवारी

कार्तिक महिना लागला म्हणजे खानदेशच्या काळ्या जमिनीवर कपाशीची बोंडे उकलू लागतात. तापी, गिरणा आणि पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांतील पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरी वर्षाचा पैसा येतो तो याच पिकातून. परंतु वेचलेला कापूस जसाच्या तसा सूत कातण्याच्या उपयोगी पडत नाही. त्यातील सरकी आधी वेगळी करावी लागते. पूर्वी हे काम स्त्रिया घरोघरी हातरेच्यावर करीत. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडून विलायतेस जाणारा कापूस थांबला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास आगगाडीचा मार्ग खानदेशात पोचला. जळगाव ही कापसाची मोठी पेठ बनली आणि हळूहळू जिल्ह्यात वाफेच्या यंत्रावर सरकी काढणारे व रुईच्या गठाणी बांधणारे कारखाने उभे राहिले. लोक त्यांना जीन आणि प्रेस म्हणत. खानदेश हा तेव्हा एकच जिल्हा होता व धुळे हे त्याचे मुख्य ठाणे होते.

हे कारखाने बारमाही चालत नसत. कापसाचा हंगाम असेतो त्यांची धुराडी धुमसत आणि हंगाम सरला की दारांना कुलपे लागत. त्या थोड्या महिन्यांत तेथे काम कसे चाले, याची हकीकत १८८४-८५ साली मुंबई सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगापुढे खानदेशातील कारखान्यांची माहिती असलेल्या एका व्यवस्थापकानेच सांगितली. साध्या दिवसांत मजूर पहाटे चार-पाच वाजता कामाला लागत आणि रात्री सात, आठ, कधी नऊ वाजता सुटत. मार्च-एप्रिलमध्ये कामाची घाई झाली की यंत्रे रात्रंदिवस चालत; संध्याकाळी अर्धा तास काय ती विश्रांती. तीच माणसे सुमारे आठ दिवस अशी राबत आणि ती अगदीच थकून गेली म्हणजे दुसरी माणसे मिळवावी लागत. सरकी काढण्याच्या यंत्रांवर बहुतेक स्त्रियाच असत. इतके तास राबणारी माणसे पुष्कळदा मरण पावतात, हेही त्या साक्षीदाराने आडपडदा न ठेवता सांगून टाकले.

ही साक्ष वाचताना मन सुन्न होते. परंतु त्याबरोबर आणखी एक प्रश्न मनात येतो. जिनातील मजुरांना कोण विचारणार होते? त्यांचे हाल कागदावर उतरावेत अशी वेळ कशी आली? याचे उत्तर शोधू लागले की आपण खानदेशातून थेट मुंबईस, गिरण्यांच्या परळ भागात जाऊन पोचतो; आणि तेथे नारायण मेघाजी लोखंडे यांची गाठ पडते.

नारायणरावांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. घरची परिस्थिती बेताची असल्यामुळे त्यांचे शिक्षण मॅट्रिकच्या आसपास थांबले. प्रथम रेल्वेत व मग टपाल खात्यात त्यांनी नोकरी केली. पुढे मुंबईतील मांडवी भागातील एका कापड गिरणीत ते कोठारावरील कारकून म्हणून काही काळ राहिले. ही नोकरी त्यांच्या आयुष्याला वळण देणारी ठरली. कोठारातून सामान देताघेता ते कामगारांचे जिणे रोज डोळ्यांनी पाहत होते. गिरणीचा भोंगा सूर्योदयास वाजे आणि काम सूर्यास्तास थांबे. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठे. तेरा-चौदा तास सहज भरत. आठवड्याची सुटी म्हणून नव्हती. पगार महिना संपून गेल्यावर कितीतरी दिवस हाती पडत नसे. यंत्रात हात सापडला तर कामगाराचे कामही जाई आणि मजुरीही जाई.

महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे संस्कार नारायणरावांवर झालेले होते. त्या विचारांचे दीनबंधु हे पत्र कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यास सुरू केले होते. ते आर्थिक अडचणीत सापडले तेव्हा नारायणरावांनी १८८० मध्ये त्याची धुरा उचलली, ते मुंबईस आणले आणि अखेरपर्यंत चालविले. शेतकरी, कामकरी आणि मागासलेल्या जाती यांची दुःखे त्या पत्रातून ते निर्भीडपणे मांडीत.

कामगारांसाठी सरकारने पहिला कायदा केला तो १८८१ साली. त्यात सात वर्षांखालील मुलांना कारखान्यात घेऊ नये आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, असे ठरले. मोठ्या माणसांसाठी, स्त्रियांसाठी त्यात जवळजवळ काहीच नव्हते. शिवाय कारखाना कशास म्हणावे याची जी व्याख्या कायद्याने केली, तिच्यात दोन अटी होत्या. तेथे निदान शंभर माणसे कामाला असली पाहिजेत आणि वर्षातून चार महिन्यांहून अधिक काळ काम चालले पाहिजे. विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. हंगामापुरता, तीन-साडेतीन महिने चालणारा जीन या व्याख्येत बसेल का? तेथे पन्नास बाया रात्रंदिवस राबल्या तरी कायद्याच्या लेखी तो कारखानाच नव्हे! कायद्यातील एका आकड्याने किती माणसांचे भवितव्य ठरते, याचे याहून बोलके उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

१८८१ चा कायदा अपुरा आहे अशी ओरड झाल्यामुळेच १८८४ मध्ये वर सांगितलेला आयोग नेमला गेला. गिरणीमालक आपली बाजू मांडणार हे उघड होते. कामगारांची बाजू कोण मांडणार? नारायणरावांनी हे काम अंगावर घेतले. त्या वर्षी त्यांनी बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशन ही संस्था स्थापन केली. २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळ भागात कामगारांची सभा भरली आणि तीन दिवसांनी पुन्हा दुसरी भरली. सभेत मागण्या ठरल्या व त्यांच्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या.

त्या अर्जातील मागण्या पाहिल्या म्हणजे नारायणरावांच्या कामाची रीत ध्यानात येते. आम्हांवर दया करा, असा मोघम टाहो त्यात नाही. दर रविवारी सुटी मिळावी. दुपारी अर्धा तास विसावा असावा. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्तास थांबावे. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. कामावर इजा झाली तर बरे होईपर्यंत पूर्ण मजुरी मिळावी आणि कायमचे पंगुत्व आले तर पोटापाण्याची तरतूद व्हावी. प्रत्येक मागणी घड्याळाने किंवा तारखेने मोजता येईल अशी आहे. आजचे श्रमविषयाचे अभ्यासक जी माहिती प्रथम विचारतात, म्हणजे कामाचे तास, विसावा, वेतन देण्याची मुदत आणि अपघात, तीच कोठारावर कारकुनी केलेल्या या गृहस्थाने अनुभवाने हेरली होती.

आयोगाचा अहवाल १८८५ मध्ये तयार झाला. परळचा अर्ज आणि खानदेशातील जिनांची ती भयंकर साक्ष दोन्ही सरकारपुढे आली. परंतु सरकारने काही केले नाही. याची कारणे गुंतागुंतीची होती. मालकांचा विरोध तर होताच. त्याशिवाय हिंदुस्थानातील गिरण्यांवर निर्बंध घालावेत असा आग्रह विलायतेतील मँचेस्टरचे कापड-कारखानदार धरीत होते आणि त्यात त्यांचा स्वार्थ होता. म्हणून अनेक देशी पत्रांना असा कायदा म्हणजे आपला नवा उद्योग बुडविण्याचा डाव वाटे. त्यांचा संशय निराधार नव्हता. पण मँचेस्टरचा हेतू अशुद्ध म्हणून परळच्या कामगाराचे चौदा तास बारा होत नाहीत, ही गोष्ट त्या काळच्या फार थोड्या सुशिक्षितांनी ओळखली. नारायणराव त्यांपैकी एक होते.

पाच वर्षे त्यांनी धीर सोडला नाही. अर्ज, सभा आणि लेख हे चालूच राहिले. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन स्त्री-कामगारांनीही त्या सभेत भाषणे केली. त्या काळाच्या मानाने ही केवढी मोठी घटना! सभेची मुख्य मागणी रविवारच्या सुटीची होती. महाराष्ट्रातील कितीतरी घरांचे कुलदैवत खंडोबा आणि रविवार हा खंडोबाचा वार. त्यामुळे ही सुटी कामगारांना आपलीशी वाटली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने ती मान्य केली.

त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने नवा आयोग नेमला. मुंबईच्या कामकाजापुरते नारायणरावांना त्यात सहकारी म्हणून घेण्यात आले. सहा वर्षांपूर्वी अर्ज घेऊन दाराशी उभा राहिलेला मनुष्य आता चौकशी करणाऱ्यांच्या पंगतीस बसला. या चौकशीतून १८९१ चा कायदा आला. आठवड्याची सुटी आणि दुपारचा अर्धा तास विसावा यांस कायद्याचे पाठबळ मिळाले. स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांचे सात तासांवर आले. शंभर माणसांची अट पन्नासावर उतरली. चार महिन्यांची अट मात्र तशीच राहिली.

नारायणरावांच्या संस्थेजवळ निधी नव्हता, सभासदांची नोंदवही नव्हती, लेखी नियमही नव्हते, असा आक्षेप त्याच काळी सरकारी कागदांतून घेतला गेला. आणि तो खोटा नव्हता. तिला आजच्या अर्थाने कामगार संघ म्हणता येईल की नाही याबद्दल मतभेद आहेत. दारी येणाऱ्या कामगाराचे गाऱ्हाणे ऐकावे, त्यास सल्ला द्यावा आणि त्याचा अर्ज लिहून द्यावा, हेच तिचे मुख्य काम होते. माझ्या मते त्या वेळी याचीच सर्वांत अधिक गरज होती.

कामगारांखेरीज इतर प्रश्नांतही ते पडत. विधवांचे केशवपन करणार नाही असा निश्चय १८९० मध्ये मुंबईच्या नाभिकांनी केला, त्यामागे त्यांची प्रेरणा होती. १८९३ च्या हिंदु-मुसलमान दंग्यानंतर सलोख्यासाठी ते झटले. १८९५ साली सरकारने त्यांस रावबहादूर ही पदवी दिली. पुढच्याच वर्षी मुंबईत प्लेगची साथ आली आणि हजारो लोक शहर सोडून पळाले. नारायणराव गेले नाहीत. रोग्यांसाठी त्यांनी रुग्णालय उघडले आणि शुश्रूषा करता करता त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. तेव्हा त्यांनी वयाची पन्नाशीही गाठली नव्हती.

पुढे १९०७-०८ मध्ये आणखी एक आयोग देशभर हिंडला आणि १९११ च्या कायद्याने चार महिन्यांची ती अट अखेर काढली. हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत आले. तोवर खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे होऊन पाच वर्षे झाली होती. १९२२ मध्ये कारखान्यातील प्रौढ कामगाराचा दिवस अकरा तासांचा आणि आठवडा साठ तासांचा ठरला. कामगारांची माहिती मिळविण्यासाठी दर वेळी नवा आयोग बसविण्यापेक्षा ती नित्य गोळा करावी, हा विचारही रुजला आणि १९२१ साली मुंबई सरकारने त्यासाठी स्वतंत्र कामगार कचेरी उघडली. मुंबईच्या कामगार कुटुंबांचा धान्यावर, सरपणावर, घरभाड्यावर काय खर्च होतो याची तिने घरोघर जाऊन नोंद केली. कालांतराने जळगावचीही पाळी आली. ऑगस्ट १९३९ मधील किमती शंभर धरून जळगावच्या कामगाराच्या राहणीखर्चाचा निर्देशांक काढण्यास प्रारंभ झाला. महागाईभत्त्याचे प्रश्न सोडविताना अशा आकड्यांचा आधार घेतला जाऊ लागला. मुंबईत परळ येथे श्रमविषयाचे शिक्षण व संशोधन करणारी राज्य शासनाची संस्था आहे. तिला नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव दिलेले आहे.