सांबारच्या पलीकडचे शहाजीराजे

मुलुंड असो, घाटकोपर असो की बोरिवली, रविवारच्या नाश्त्याला इडली-सांबार आता मराठी घरांतही ठरलेलं. आणि त्यासोबत एक गोष्टही ठरलेली. तंजावरच्या मराठी राजाला आंबट आमटी फार आवडायची. एकदा कोकणातून येणारी आमसुलं संपली. मग आमटीत तिथली चिंच पडली, पाहुणे आलेल्या संभाजीराजांना ती आवडली आणि त्यांच्या नावावरून पदार्थाचं नाव पडलं सांबार! हे फॉरवर्ड तुमच्याकडेही आलं असेल. पण ज्या राजाच्या मुदपाकखान्यात हे घडलं म्हणतात, तो राजा कोण, हे कुणी सांगितलंय का?

त्यांचं नाव शहाजीराजे भोसले. आजोबांचंच नाव नातवाला मिळालं. वडील व्यंकोजीराजे, म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ. विजापूरच्या आदिलशाहीचे सरदार म्हणून ते दक्षिणेत गेले आणि १६७५च्या सुमारास तंजावरला त्यांनी स्वतःचंच राज्य उभं केलं. तेव्हा संभाजी महाराज आणि हे शहाजीराजे नात्याने चुलत भाऊ.

१६८४मध्ये शहाजीराजे गादीवर आले, तेव्हा ते जेमतेम बारा वर्षांचे होते. आज या वयाची मुलं सहावी-सातवीत असतात! आणि राज्य तरी कसं? कावेरीकाठची प्रजा तमिळ बोलणारी. आधीच्या नायक राजांमुळे दरबारातलं साहित्य तेलुगू. पंडितांची भाषा संस्कृत. घरात मात्र मराठी. अशा ठिकाणी बाहेरून आलेल्या राजाने काय करावं? आपलीच भाषा सगळ्यांवर लादावी, की आपली सोडून तिथली उचलावी?

शहाजीराजांनी यातलं काहीच केलं नाही. तिरुवारूरच्या त्यागराजस्वामींवर, म्हणजे तिथल्या शंकरावर, त्यांची भक्ती. त्या देवासाठी त्यांनी ‘पल्लकी सेवा प्रबंधमु’ हे गेय नाटक लिहिलं, तेही तेलुगूत. ‘पंचभाषाविलास’ या नाटकात तर संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा एकाच रंगमंचावर आणल्या. आणि मराठीत लिहिलं ‘लक्ष्मीनारायण कल्याण’. विष्णुदास भाव्यांचं ‘सीता स्वयंवर’ सांगलीत झालं १८४३मध्ये. त्याच्या जवळपास दीडशे वर्षं आधी तंजावरला मराठी नाटक लिहिलं जात होतं, बरं का!

हे सगळं निवांत काळात चाललं होतं असं समजू नका. १६८९मध्ये औरंगजेबाने संभाजी महाराजांची हत्या केली. राजाराम महाराज जिंजीच्या किल्ल्यात आले आणि मुघल फौजांनी किल्ल्याला वेढा घातला. तंजावरहून जिंजीला मदत जात होती. त्याची किंमतही मोजावी लागली. झुल्फिकार खान तंजावरवर चालून आला आणि शहाजीराजांना मुघलांना खंडणी कबूल करावी लागली. याच धामधुमीत, १६९३च्या सुमारास, त्यांनी कुंभकोणमजवळचं तिरुविसनल्लूर हे गाव चाळीसहून अधिक विद्वानांना दान दिलं. त्या गावाला शहाजीराजपुरम असं नावही मिळालं.

१७१२मध्ये त्यांची कारकीर्द संपली. पुढे त्यांचे भाऊ सरफोजी आणि मग तुकोजी गादीवर बसले.

आता पुन्हा पातेल्याकडे वळू. सांबारच्या त्या गोष्टीला त्या काळच्या कागदपत्रांत आधार सापडलेला नाही. साधा हिशेब करा. शहाजीराजे गादीवर आले १६८४मध्ये, संभाजीराजे गेले १६८९मध्ये. मधली पाचही वर्षं संभाजीराजे मुघलांशी झुंजत होते. शब्दाचं म्हणाल, तर संस्कृतात ‘संभार’ म्हणजे सामग्री. तमिळमध्ये त्याच वळणाचा ‘सांबारम’ हा शब्द मसाल्याच्या जिनसांसाठी येतो. आणि आपल्या विदर्भात कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात! त्या नावासाठी कुणा पाहुण्याची गरजच नाही.

मग तंजावर आणि मराठी स्वयंपाक यांचा संबंधच नाही का? आहे ना! पुढे दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळातला राजवाड्यातल्या पदार्थांचा ग्रंथ तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहे आणि तो मराठीत आहे. तंजावरला स्थायिक झालेली मराठी घरं आजही आपल्या वळणाची मराठी बोलतात.

तेव्हा पुढच्या वेळी घरी तूरडाळ शिजत घालाल, तेव्हा दोन वाट्या बाजूला काढा. एकीत आमसूल, गूळ आणि गोडा मसाला घाला. दुसरीत चिंचेचा कोळ, शेवग्याच्या शेंगा, छोटे कांदे, आणि धणे, चणाडाळ, मेथीदाणे, सुक्या मिरच्या भाजून केलेली पूड. मोहरी, हिंग, कढीपत्त्याची फोडणी दोन्हींना चालेल. डाळ एकच, चवी दोन, आणि एकीने दुसरीला हटवायची गरज नाही. शहाजीराजांचा दरबार असाच होता. सांबार त्यांनी शोधलं की नाही, यावर भांडत बसण्यापेक्षा पाच भाषांना एका मंचावर बसवणारा राजा आपला होता, हे चार जणांना सांगा. फॉरवर्ड करायचंच असेल, तर हे करा!