फटीतून पाहणाऱ्यांचा संगीतकार

एखादा माणूस भिंतीच्या छिद्राला डोळा लावून पलीकडच्या खोलीत पाहतो आहे, असे दृश्य पडद्यावर आले की आपण मनातल्या मनात त्याला नावे ठेवतो. तो जे पाहतो तेच आपणही पाहत असतो, शिवाय तिकीट काढून! ही लबाडी प्रेक्षकाच्या लक्षात आणून देण्याचे श्रेय समीक्षक दिग्दर्शकाला देतात. मला त्यातले निम्मे तरी एका संगीतकाराच्या पदरात टाकावेसे वाटते. त्याचे नाव बर्नार्ड हरमन.

'सायको'तल्या न्हाणीघरातल्या खुनाचे ते किंचाळणारे व्हायोलिन ज्यांनी तो चित्रपट पाहिलेला नाही त्यांनाही ठाऊक असते. पण त्या खुनाच्या थोडे आधी नॉर्मन बेट्स भिंतीवरची तसबीर उतरवून छिद्रातून शेजारच्या खोलीत पाहतो, ते दृश्य मी दरवेळी कान देऊन ऐकतो. तिथे हरमन आरडाओरडा करत नाही. त्याची तंतुवाद्ये दबक्या पावलांनी एकाच जागी घोटाळत राहतात, चोरून पाहणाऱ्याने श्वास रोखून धरावा तशी. आपणही श्वास रोखतो आणि त्याक्षणी नॉर्मनचे साथीदार होतो.

आपल्याकडे सिनेमाचे संगीत म्हटले की गाणी. पार्श्वसंगीत हा उरलेल्या वेळेत उरकायचा मामला. त्यामुळे एकही गाणे न देता सिनेमाच्या इतिहासात ठाण मांडून बसलेला हा गृहस्थ आपल्याला तसा परकाच राहिला.

हरमनचा जन्म २९ जून १९११ चा, न्यूयॉर्कचा. घराणे रशियातून आलेल्या ज्यूंचे. वडील चष्म्याचे नंबर काढून देण्याचा व्यवसाय करीत. ज्याच्या बापाने जन्मभर लोकांची नजर तपासली त्याच्या मुलाने पुढे नजरेच्या विकारांना सूर द्यावेत, हा योगायोगच. पण कादंबरीकाराला सुचला असता तर आपण त्याला ओढूनताणून आणलेला म्हटले असते. वडिलांनी मुलाला ऑपेराला नेले, हाती व्हायोलिन दिले. तेराव्या वर्षी एका रचनेसाठी त्याला शंभर डॉलरचे बक्षीस मिळाले. त्याच सुमारास बर्लिओझचा वाद्यवृंदरचनेवरचा ग्रंथ त्याच्या हाती पडला आणि पोराचा मार्ग ठरून गेला. न्यूयॉर्क विद्यापीठ, ज्युलियार्ड असे रीतसर शिक्षण झाले आणि विशीतच त्याने स्वतःचा छोटा वाद्यवृंद उभा केला. चार्ल्स आइव्हजसारख्या, तेव्हा फारसे कोणी न विचारणाऱ्या अमेरिकन रचनाकाराची बाजू घेऊन तो भांडू लागला तोही याच काळात. भांडण हा त्याचा स्थायीभाव होता.

१९३४ मध्ये तो सीबीएस रेडिओत शिरला आणि तिथेच खऱ्या अर्थाने घडला. रेडिओवर दृश्य नसते. दार उघडले, माणूस घाबरला, रात्र पडली, हे सारे आठ-दहा सेकंदांच्या सुरांत सांगायचे. लांबलचक चाली तिथे कुचकामाच्या. दोन-तीन स्वरांचा तुकडा घ्यायचा आणि तो फिरवत, घोटत श्रोत्याच्या डोक्यात भिनवायचा, ही हरमनची पुढे प्रसिद्ध झालेली रीत रेडिओची देणगी आहे. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी ऑर्सन वेल्सने मंगळावरच्या स्वारीचे जे नाट्य प्रसारित केले आणि ज्याने कित्येक श्रोत्यांची गाळण उडाली, त्याचे संगीत हरमनच्या हाताखाली वाजले होते.

वेल्सनेच त्याला हॉलिवूडला नेले. पहिला चित्रपट 'सिटिझन केन', १९४१ चा. त्यात केनची बायको एका ऑपेरात गाते आणि तिची फजिती होते, असा प्रसंग आहे. बेसूर गाणारी बाई उभी करणे सोपे होते. हरमनने तसे केले नाही. त्याने एक ऑपेरा स्वतःच रचला, आणि तो अशा उंच पट्टीत की लहान गळ्याची गायिका वाद्यवृंदाच्या लाटेत बुडूनच जावी. बाई वाईट गात नाही, तिला न पेलणाऱ्या जागी उभे केले आहे, हे त्यातून कळते. केनच्या साऱ्या संसाराचे मर्म त्यात आले.

त्या वर्षीचे ऑस्कर त्याला मिळाले, पण 'केन'साठी नव्हे, त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका चित्रपटासाठी. नंतर जिवंतपणी एकदाही नाही. वेल्सच्या पुढच्या चित्रपटाची स्टुडिओने काटछाट केली आणि संगीतालाही कात्री लावली, तेव्हा या पठ्ठ्याने श्रेयनामावलीतून आपले नावच काढायला लावले. वय होते एकतीस.

हॉलिवूडचे बहुतेक संगीतकार चाल रचून देत आणि कोणते वाद्य काय वाजवणार हे दुसऱ्याकडून लिहून घेत. हरमनला हे चित्रकाराने रंग दुसऱ्याकडून भरून घेण्यासारखे वाटे. तो प्रत्येक ओळ स्वतः लिही. म्हणूनच त्याचे वाद्यमेळ इतके विचित्र आणि इतके नेमके. परग्रहावरून आलेल्या पाहुण्यासाठी दोन थेरेमिन, पृथ्वीच्या पोटात उतरणाऱ्यांसाठी पाच ऑर्गन, आणि कृष्णधवल 'सायको'साठी फक्त तंतुवाद्ये.

त्याची खरी महत्त्वाकांक्षा मात्र निराळीच होती. 'वदरिंग हाइट्स' या कादंबरीवरच्या ऑपेरासाठी त्याने आयुष्यातली आठ वर्षे घातली. संहिता पत्नी ल्युसिल फ्लेचरची. ती स्वतः रेडिओची नामांकित लेखिका. १९५१ मध्ये ऑपेरा पूर्ण झाला, पण लग्न १९४८ मध्येच मोडले होते. हा ऑपेरा त्याच्या हयातीत एकदाही रंगमंचावर आला नाही. कापाकापी करू द्यायला तो तयार नव्हता. शेवटी १९६६ मध्ये पदरमोड करून त्याने तो इंग्लंडमध्ये ध्वनिमुद्रित केला.

हिचकॉकशी गाठ पडली १९५५ च्या चित्रपटात, आणि पुढची दहाएक वर्षे म्हणजे जगाला ठाऊक असलेला हरमन. 'व्हर्टिगो'त जेम्स स्टुअर्ट मोटारीतून एका बाईचा पाठलाग करतो. मिनिटेच्या मिनिटे संवाद नाही. नुसते पाहणे, आणि सोबत हरमन. ते संगीत काढून टाकले तर उरेल एक निवृत्त पोलीस आणि सॅन फ्रान्सिस्कोची रहदारी. 'सायको'च्या न्हाणीघरात संगीत नको, अशी हिचकॉकची स्पष्ट सूचना होती. हरमनने ती धाब्यावर बसवून संगीत लिहिले आणि ऐकवले. हिचकॉकने ऐकले आणि मुकाट्याने आपली सूचना मागे घेतली. हिचकॉकचा हा मोठेपणा नाकारण्याचे कारण नाही.

पण असे यश माणसाला चुकीचा धडा देते. १९६६ च्या 'टॉर्न कर्टन'च्या वेळी स्टुडिओला खपणारे, तरुणांना डोलवणारे संगीत हवे होते. हिचकॉकही मागच्या 'मार्नी'च्या अपयशाने धास्तावला होता. हरमनने काय आणले? सोळा हॉर्न, बारा बासऱ्या, नऊ ट्रॉम्बोन, आणि व्हायोलिन एकही नाही! शिवाय एका लांबलेल्या खुनाच्या प्रसंगाला संगीत नको असे सांगितलेले असताना इथेही त्याने ते लिहून ठेवले. तीच आज्ञामोडी, तोच विश्वास. या वेळी हिचकॉक ध्वनिमुद्रणाला आला, सुरुवातीचा भाग ऐकला आणि काम थांबवले. वादकांसमोर. दोघांनी पुन्हा कधी एकत्र काम केले नाही. दोष कोणाचा? हिचकॉकने भित्रेपणा केला हे खरेच. पण मागितले काय आहे हे हरमनला पुरते माहीत होते, आणि त्याने ते द्यायचे नाही असे ठरवूनच लेखणी उचलली होती. अशा माणसाबरोबर काम करणे सोपे नसणार.

यानंतर तो लंडनला गेला. फ्रान्समधून त्रुफोने त्याला सन्मानाने बोलावले, दोन चित्रपट झाले. हॉलिवूड मात्र त्याला विसरल्यात जमा होते.

आणि इथे प्रवेश होतो तिशी नुकत्याच ओलांडलेल्या ब्रायन डी पाल्माचा. १९७२ मध्ये त्याने बेताच्या पैशांत 'सिस्टर्स' हा भयपट केला. कल्पना सुचली होती 'लाइफ' साप्ताहिकातल्या माशा आणि दाशा या रशियातल्या जोडलेल्या जुळ्या बहिणींच्या छायाचित्रावरून. चित्रपटाची सुरुवातच दूरचित्रवाणीवरच्या एका खेळाने होते. खेळाचा विषयच चोरून पाहणाऱ्यांचा: एक आंधळी वाटणारी तरुणी कपडे बदलू लागली तर समोरचा पुरुष काय करील? ती तरुणी म्हणजे डॅनिएल, शस्त्रक्रियेने वेगळ्या केलेल्या जुळ्यांपैकी एक. बक्षीस म्हणून तिला सुऱ्यांचा संच मिळतो, यावरून पुढचा अंदाज यावा. त्या पुरुषाचा खून समोरच्या खिडकीतून एक वार्ताहर तरुणी पाहते. मग डी पाल्मा पडदा उभा चिरतो. एका अर्ध्यात प्रेताची लपवालपवी, दुसऱ्या अर्ध्यात पोलिसांना घेऊन येणारी साक्षीदार. दोन्ही अर्ध्यांना एकाच वेळी पुरणारे संगीत एकच, आणि कुठे पाहायचे ते आपल्याला कानच सांगतात. दोन्ही बहिणी झालेली मार्गो किडर यात विलक्षण आहे.

कच्च्या जोडकामात दिग्दर्शकाने हिचकॉकच्या चित्रपटांतले हरमनचेच जुने संगीत लावले होते. ते दाखवायला म्हणून म्हाताऱ्याला बसवले आणि 'मार्नी'चे सूर कानी पडताच तो ओरडून उठला, बंद करा म्हणून. डी पाल्माला श्रेयनामावलीवर संगीत नको होते. हरमनने त्याला सुनावले ते असे, की पहिला अर्धा तास तुझ्या चित्रपटात काही घडत नाही. हिचकॉकचे नाव असले की लोक थांबतात, तुझ्यासाठी कोण थांबणार? मग गर्भातल्या अर्भकांच्या चित्रांवर त्याने घंटानाद आणि मूग नावाच्या विजेच्या वाद्यांची किंकाळी सोडली (आपल्या उसळीतल्या मुगाशी याचा संबंध नाही, पण पोटात गोळा येतो खरा). साठी ओलांडलेला माणूस हे नवे यंत्र वापरत होता. खपणारे संगीत देत नाही म्हणून त्याला घालवून देणाऱ्यांना हे कळायला हवे होते.

पन्नास वर्षांपूर्वीच्या चित्रपटाचे रहस्य फोडल्यास वाचक रागावणार नाहीत. शस्त्रक्रियेत दुसरी बहीण, डॉमिनिक, मेलेली असते. वाचलेली बहीण तिला आपल्या आत जिवंत ठेवते. हे पाहताना मला नेहमी हिचकॉक आणि हरमन आठवतात. त्यांच्याही शस्त्रक्रियेनंतर हिचकॉकने आणखी तीन चित्रपट केले, त्यातला 'फ्रेन्झी' तर चांगलाच आहे. पण त्याच्या नजरेला जो दबलेला श्वास होता, तो परत आला नाही. तो गेला डी पाल्माकडे.

'सिस्टर्स'ने हरमनला नवी पिढी दिली. १९७५ मध्ये त्याने डी पाल्माच्या 'ऑब्सेशन'चे संगीत लंडनमध्ये मुद्रित केले आणि मार्टिन स्कोर्सेझीसाठी 'टॅक्सी ड्रायव्हर' हाती घेतला. पुन्हा पाहणाराच माणूस, या वेळी मोटारीच्या काचेतून. दोन्ही चित्रपटांना ऑस्करची नामांकने मिळाली, तोवर तो हयात नव्हता. पुरस्कार गेला जेरी गोल्डस्मिथला.

'टॅक्सी ड्रायव्हर'चे ध्वनिमुद्रण २२ आणि २३ डिसेंबर १९७५ रोजी लॉस एंजेलिसला झाले. हृदय थकले होते, वाद्यवृंदासमोर बराच वेळ दुसऱ्यालाच उभे राहावे लागले. शेवटच्या सुरांत 'सायको'तले तीन स्वर त्याने हळूच पेरून ठेवले आहेत. कान देऊन ऐकले तर सापडतात. चित्रपटाच्या अखेरीस नायक आरशात काहीतरी पाहून दचकतो. त्या एका नजरेसाठी स्कोर्सेझीला एखादा आवाज हवा होता. हरमनने ग्लॉकनस्पीलचा एक ठोका वाजवून घेतला, आणि तो उलटा चालवून पाहा असे सांगितले. ध्वनिफीत उलटी फिरली, आवाज जमला. त्या रात्री तो आणखी एक चित्रपट पाहायला गेला, पुढच्या कामासाठी. मग जेवण करून हॉटेलवर परतला आणि झोपला. २४ डिसेंबरच्या पहाटे झोपेतच त्याचे निधन झाले. वय चौसष्ट.