साप, सुई आणि छातीतली धमनी

डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचे नाव निघाले की लोकांना फेब्रुवारी १९६८ आठवतो. मुंबईच्या केईएममध्ये त्यांनी भारतातले पहिले हृदयरोपण केले आणि रोगी जेमतेम तीन तास जगला. मला मात्र सेन आठवतात ते त्यांच्या सुईसाठी.

जन्म १९१५ चा, कलकत्त्याचा. १९३८ साली ते मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले आणि पुढे उमेदीची वर्षे त्यांनी महापालिकेच्या केईएममध्येच घालवली. तिथे येणारा रोगी बहुधा गरीब. एक प्रश्न सेन यांना स्वस्थ बसू देत नव्हता. सगळ्या शरीराला रक्त पुरवणाऱ्या हृदयाचीच धमनी तुंबली, तर त्याच्या स्नायूला रक्त आणायचे कुठून?

उत्तर त्यांना सापात दिसले. सापाच्या हृदयाचा स्नायू बराचसा आतल्या कप्प्यातूनच थेट रक्त शोषतो. मग माणसाच्या हृदयालाही तशीच वाट करून दिली तर? सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या हृदयाला सुईने आरपार छिद्रे पाडून पाहिली आणि १९६५ मध्ये आपले काम प्रसिद्ध केले. कल्पना धाडसाची होती. पण हृदय स्वतःची जखम भरून काढतेच, आणि छिद्रे बुजत गेली.

वाट दुसरीकडूनच निघाली. लेनिनग्राडमध्ये कोलेसोव्ह यांनी १९६४ मध्येच छातीच्या आतली धमनी हृदयाच्या धमनीला शिवली होती. १९६७ पासून अमेरिकेत फावालोरो यांनी पायातली शीर वापरून बायपास रूढ केली.

आमच्या किन्हीराजात बायपास करून आलेल्या एका मावसभावाला बघायला गेलो, तेव्हा त्याच्या पायावर टाके दिसले. घरच्यांना कळेना, छातीच्या दुखण्याला पाय का कापला? कारण साधे आहे. पायातली शीर लांब असते, सहज मिळते. पण तिला धमनीचा दाब सोसायची सवय नसते. तिची भिंत जाडावते आणि दहा वर्षांत सुमारे निम्म्या शिरा बंद पडतात.

छातीतली डावी धमनी मात्र मुळापासून तोडत नाहीत. वरचे टोक जागेवर ठेवून खालचे फक्त हृदयाकडे वळवतात. तिच्या आतल्या अस्तरात चरबी सहसा साचत नाही, ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करून वाट मोकळी ठेवते, आणि रक्ताची मागणी वाढली तर ही धमनी रुंदावतेही. दहा वर्षांनी नव्वदच्या आसपास टक्के धमन्या वाहत्या असतात. एकच नखरा : मूळ धमनी पुरेशी तुंबलेली नसेल, तर काम नाही म्हणून ही आकसून दोऱ्याएवढी होते. म्हणून उगाच जोडत नाहीत.

या धमनीमुळे रोगी जास्त वर्षे जगतो, हे अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने १९८६ मध्ये दाखवले. सेन १९८२ मध्येच गेले होते. नव्वदच्या दशकात मात्र त्यांचीच कल्पना लेसर घेऊन परतली. जिथे बायपास शक्य नाही, तिथे लेसरने हृदयाला छिद्रे पाडू लागले. तीही बुजतात असे दिसले. तरी कित्येकांच्या छातीतली कळ कमी झाली. ती का, यावर डॉक्टरांचे अजून एकमत नाही.