खलिते पोचविणारा घोडेस्वार



घरात अपंग मूल जन्माला आले की आपण हळहळतो, त्याला जपतो आणि जपता जपता घरात बसवून ठेवतो. हे सारे मायेपोटीच होते. आज आम्ही ओळख करून देत आहोत ती अशा एका माणसाची, ज्याच्या आईने वेगळी वाट धरली.

आर्थर मॅकमरो कॅव्हना ह्यांचा जन्म २५ मार्च १८३१ रोजी आयर्लंडमधील बॉरिस येथे एका प्रॉटेस्टंट जमीनदार घराण्यात झाला. हातापायांच्या जागी त्यांना केवळ आखूड खुंट होते. आई लेडी हॅरिएट हिने मुलाला इतर भावंडांसारखेच वाढविले. खुर्चीसारख्या खोगिरात पट्ट्यांनी बांधून घेऊन, खुंटांनी लगाम सांभाळीत आर्थर घोडा पिटाळू लागले. कुंपणांवरून उडी मारण्यातही ते कचरत नसत. मासेमारी, शिकार, चित्रकला हेही त्यांनी आत्मसात केले.

१८४९ मध्ये थोरला भाऊ थॉमस आणि एक शिक्षक ह्यांच्यासह ते प्रवासास निघाले. स्कॅन्डिनेव्हिया, रशिया, इराण असा खडतर प्रवास करून ते हिंदुस्थानात पोचले. पुढे आजारी थॉमस ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर वारला. आर्थर परमुलखात पडले आणि हाती पैसाही फारसा उरला नव्हता.

घरचे वैभव इथे कामाला येणार नव्हते. तेव्हा त्यांनी नोकरी धरली. त्या वेळच्या औरंगाबाद भागात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात, ते घोड्यावरून सरकारी खलिते पोचवू लागले. त्यानंतर पुणे जिल्ह्याच्या जमीन मोजणी खात्यात त्यांना जागा मिळाली. आपल्याच महाराष्ट्राच्या मातीत त्यांनी पहिली भाकरी कमावली. खलिता वेळेवर पोचतो की नाही, हाच त्या कामाचा हिशेब होता.

१८५३ मध्ये थोरला भाऊ चार्ल्स वारल्यावर बॉरिसची जमीनदारी त्यांच्याकडे आली. १८५५ मध्ये त्यांचे लग्न झाले. पुढे स्वतःच्या शिडाच्या जहाजातून त्यांनी सागरसफरी केल्या आणि त्यावर पुस्तकही लिहिले. १८६६ ते १८८० ते ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद होते. १८८० च्या निवडणुकीत मात्र ते हरले. त्यांच्याच अनेक कुळांनी त्यांच्याविरुद्ध मते दिली. हे त्यांच्या मनाला फार लागले असेल. पण कुळांनी त्यांच्याकडे इतर कोणत्याही जमीनदाराकडे पाहावे तसेच पाहिले, हेही तितकेच खरे. १८८९ च्या नाताळच्या दिवशी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

बंधुभगिनींनो, त्यांच्या घरी पैसा होता, नोकरचाकर होते. आपल्यापैकी अनेकांकडे ते नाही. पण दख्खनमध्ये त्यांना उभे केले ते कोणीतरी विश्वासाने सोपविलेल्या कामाने. दयेपोटी आपण माणसाला देतो. काम सोपवतो तेव्हा त्याच्याकडून काही मागतो. ज्याच्याकडून कोणी काहीच मागत नाही, तो माणसांत असूनही एकटा पडतो.

आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक वॉर्डाने ह्या आठवड्यात एवढेच पाहावे: आपल्यातील अपंग बंधुभगिनींना आपण भेटवस्तू तर देतो, पण एखादी जबाबदारी दिली आहे का?